बघण्याचे पैसे

सकाळी ७.१५

पुण्यात, धायरीतल्या दोन खोल्यांच्या घरात कुकरची दुसरी शिट्टी होते आणि दादांच्या फोनवर दिवसाचा पहिला व्हिडिओ येऊन पडतो. कोणीतरी टीव्हीसमोर उभं राहून टीव्हीचंच शूटिंग केलंय. खाली दोन शब्द : ‘चित्र फुटतंय.’

दादांचं वय अडतीस. धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. लोक घरात एक छोटा कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवतात. लग्नाच्या टेपा, मुलांचे वाढदिवस, ट्रेकचे व्हिडिओ, विकत घेतलेल्या डिस्क, सगळं त्यात साठवतात. मग ते घरातल्या कुठल्याही टीव्हीवर, फोनवर, नाहीतर परदेशातल्या मुलीच्या लॅपटॉपवर बघता येतं. हा झाला मीडिया सर्व्हर. दादांच्या बहुतेक गिऱ्हाइकांकडे त्यासाठी जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते २०१८च्या डिसेंबरात एम्बी नावाच्या तशाच सॉफ्टवेअरमधून वेगळं निघालं. फुकट आहे, आणि हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठीही पैसे मागत नाही.

फाइल एका प्रकारची असते, समोरच्या टीव्हीला ती झेपत नाही. मग सर्व्हर ती चालू असतानाच दुसऱ्या प्रकारात उतरवून पाठवतो. याला म्हणायचं ट्रान्सकोडिंग. साध्या प्रोसेसरवर हे काम टाकलं तर तो धापा टाकतो. म्हणून चिपमधला फक्त व्हिडिओसाठी बनवलेला भाग कामाला लावतात, ते हार्डवेअर ट्रान्सकोडिंग. इंटेलच्या चिपमध्ये त्या भागाचं नाव क्विक सिंक, २०११ पासून. काम झटपट होतं, वीज कमी लागते. पण चित्र बिघडलं की पहिला संशय त्याच्यावरच जातो.

दादा चहा घेता घेता तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतात. “अंधारात चौकोन पडले तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारा डेटा, कमी. हलत्या कडांना आडव्या रेषा असल्या तर जुनी टेप. चेहरे राखाडी, रंग उडालेले, तर एचडीआर. आकाशात पट्टे पडले तर दहा बिटचं आठ बिट झालंय. अडकत अडकत चाललं तर मशीन पुरं पडत नाही.” बोटांवर मोजून सांगतात. मग गिऱ्हाइकाला तीन प्रश्न पाठवतात. कुठली फाइल? कुठला टीव्ही? सगळीकडे असंच दिसतं की एकाच ठिकाणी?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की निम्मं काम झालं, असं ते म्हणतात.

सकाळी ८.३०

बॅग भरतात. सेकंडहँड लॅपटॉप, बावीस हजारांचा. स्क्रूड्रायव्हरचा सेट. क्रिम्पिंग टूल साडेसहाशेचं, लॅन टेस्टर अडीचशेचा. वीज किती ओढली जाते ते दाखवणारं प्लगचं मीटर. लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह. ब्रश, थर्मल पेस्ट, पाच मीटर लॅन केबल. आणि शंभर पानी वही.

वही महत्त्वाची. गिऱ्हाइकाच्या मशीनवरची कुठलीही सेटिंग बदलण्याआधी ती आधी काय होती, ते वहीत लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बघायचं. फरक पडला नाही तर परत होती तशी करायची.

बाहेर भुरभुर पाऊस. बॅगेला रेक्झिनचं कव्हर चढतं. वडगावच्या पंपावर दीडशेचं पेट्रोल.

सकाळी ९.४५

कोथरूड. तिसरा मजला, लिफ्ट नाही. काका बँकेतून निवृत्त झालेले. टीव्हीच्या शेजारी तळहाताएवढा मिनी पीसी, एन१०० चिपचा. मुलगी मेलबर्नहून आली तेव्हा तिने पैसे देऊन इथेच घ्यायला लावला. मशीन निवांत असताना साधारण दहा वॅट ओढतं. काकांनी हिशेब आधीच मांडलाय. “दहा वॅट, चोवीस तास, तीस दिवस. महिन्याला सात पूर्णांक दोन दशांश युनिट. परवडतं.”

तक्रारी दोन. काकांच्या टीव्हीवर लग्नाच्या टेपेत माणसांवर रेषा येतात. मुलीला तिकडे रेषा दिसत नाहीत, चौकोन दिसतात. टेपा व्हीएचएसच्या, अकरा. त्या गेल्या वर्षी डिजिटल करून घेतल्या. भाचा दोन दिवस येऊन हार्डवेअर ट्रान्सकोडिंगच्या सेटिंगशी झटला. फरक शून्य.

“अरे, ती चिपच बदलावी लागेल का?” काका विचारतात.

“आधी बघू काका. तुम्ही रोज लावता तशी लावा. मी कशाला हात लावत नाही.”

काका १९९४ सालचं लग्न लावतात. मंगलाष्टकं चालू आहेत. ‘सावधान’ होतं आणि अक्षतांचे हात उठतात. दादा म्हणतात, “थांबवा.”

पडद्यावर एक हात वर गेलेला. बोटांच्या कडांमधून आडव्या रेषा बाहेर आल्यात, फणीच्या दातांसारख्या. अंतरपाट मात्र स्वच्छ आहे. त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक नीट दिसतं. दादा टीव्हीजवळ जाऊन बोट ठेवतात.

“काका, अंतरपाट धरून उभे आहेत, तो हलत नाही. तो नीट आहे. हात हलला, तो फाटला. जे हलतं तेच फाटतंय.”

मग समजावून सांगतात. त्या वेळचा कॅमेरा अख्खं चित्र एकदम टिपत नव्हता. आपल्याकडच्या पद्धतीत चित्राच्या ५७६ ओळी. आधी एक सोडून एक अशा निम्म्या ओळी टिपायच्या, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उरलेल्या निम्म्या. सेकंदाला पंचवीस चित्रं, पन्नास अर्धुकं. जुना डब्याचा टीव्ही त्याच क्रमाने ओळी दाखवायचा, त्यामुळे डोळ्याला काही कळायचं नाही. काकांचा टीव्ही दोन्ही अर्धुकं न सांधता एकत्र दाखवतो. मधल्या वेळात हात पुढे गेलेला असतो.

दादा रिमोट घेऊन ‘प्लेबॅक इन्फो’ उघडतात. पडद्याच्या कोपऱ्यात छोटी चौकट येते. तिच्यात लिहिलंय : डायरेक्ट प्लेइंग.

“सर्व्हर काहीच करत नाही. फाइल आहे तशी टीव्हीला देतो. ट्रान्सकोडिंग होतच नाही, तर त्याची सेटिंग बदलून काय होणार?”

भाच्याने बदललेल्या सेटिंग एकेक करून वहीत उतरतात आणि मूळपदावर जातात. याला पंचवीस मिनिटं लागतात. काकू पोहे आणून ठेवतात. ते गार होतात.

सकाळी १०.३०

मेलबर्नला दुपारचे तीन. काका व्हिडिओ कॉल लावतात.

“ताई, तेच लग्न लावा. आता कोपऱ्यात काय लिहून येतंय ते वाचून दाखवा,” दादा सांगतात.

ताई वाचतात. तिकडे ट्रान्सकोडिंग चालू आहे. कारणांत बिटरेट मर्यादेबाहेर असल्याचंही लिहिलंय. दादा क्वालिटीचा मेनू उघडायला सांगतात. निवडलेलं आहे सातशे वीस केबीपीएस.

“हे मी लावलं नाही.” मग आठवतं. मागे एका हॉटेलात वायफाय रडत होतं, तेव्हा लावलं होतं. ॲपने ते लक्षात ठेवलं.

मूळ फाइल साधारण आठ एमबीपीएसची. ती अकराव्या हिश्शात बसवायची म्हणजे सर्व्हरला तपशील टाकून द्यावेच लागतात. आधी अंधार जातो, मग साड्यांचे काठ, मग चेहरे. ताई ‘ऑटो’ निवडतात. दहा सेकंद चक्र फिरतं. “अगं बाई! आत्याचा चेहरा दिसला,” त्या ओरडतात. काका मान वळवून खिडकीबाहेर बघतात.

आता कोडं सुटतं. ताईंच्या ब्राउझरला ही जुनी एमपेग-२ फाइल चालत नाही, म्हणून सर्व्हर ती बदलून पाठवतो. बदलताना दोन अर्धुकांचं एक चित्र तोच सांधून देतो. म्हणून तिकडे रेषा नाहीत. बिटरेट मात्र हॉटेलातला. इकडे टीव्हीला फाइल चालते, म्हणून सर्व्हर हात लावत नाही, आणि रेषा तशाच राहतात. एकाच टेपेचे दोन आजार, दोन्हींत चिप निर्दोष.

काकांसाठी दादा एक उपाय सुचवतात. अकराही टेपा एकदाच, सावकाश, साध्या प्रोसेसरवर बदलून घ्यायच्या. बीडब्ल्यूडीआयएफ नावाच्या फिल्टरने अर्धुकं सांधायची, सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं करायची, एच.२६४ या प्रकारात ठेवायची. हे सगळं एफएफएमपेग नावाचं सॉफ्टवेअर करतं, तेही फुकट. तासाभराच्या टेपेला या मशीनवर अर्ध्या तासाच्या आसपास लागेल. रात्री लावून ठेवायचं.

“मग हार्डवेअरने का नको? ते पटकन करतं ना?” काका विचारतात.

“हार्डवेअर पटकन करतं कारण त्याला आत्ताच्या आत्ता द्यायचं असतं. ते फार शोधत बसत नाही. आपल्याला घाई नाही. कायमची फाइल करायची तर वेळ घेऊन करू. रोज बघायला हार्डवेअर, साठवायला सॉफ्टवेअर.”

“मूळ फाइल पुसायची नाही.”

“नाहीच. मूळ ते मूळ. ती दुसऱ्या डिस्कवर जाईल.”

दर टेपेमागे शंभर रुपये ठरतात, काम झाल्यावर द्यायचे. आजच्या व्हिजिटचे सातशे. काका पाकीट काढतात. “पार्ट काय टाकलास?”

“काहीच नाही.”

काका नोटा मोजून देतात. “पावती दे पण. त्यात लिही, तपासणी.”

दुपारी १२.१५

तापकीर गल्ली. शनिपाराजवळ गाडी लावायला जागा मिळेपर्यंत दहा मिनिटं जातात. गल्लीत छत्र्या, हातगाड्या, केबलची बंडलं. जिना चढून वर एका गाळ्यात तीन जणांची तीन टेबलं. दादांच्या टेबलाचं भाडं महिन्याला सहा हजार, म्हणजे रोजचे दोनशे. काम असो नसो.

खालच्या दुकानातून दहा कनेक्टर ऐंशी रुपयांना, एक चांगली एचडीएमआय केबल साडेतीनशेला. दुकानदार शंभरवाली दाखवतो. दादा नको म्हणतात. फोर-के चित्र स्वस्त केबलवर कधी कधी चमकतं, मध्येच काळं होतं, आणि गिऱ्हाईक सर्व्हरला दोष देतं. तपासायला स्वतःची केबल खात्रीची हवी. म्हणजे केबलचा प्रश्न एका मिनिटात निकाली निघतो.

राइस प्लेट शंभरची. चहा पंधराचा. आणखी एक पंधराचा.

दुपारी १.४५

बाणेर. सोसायटीच्या गेटवर नाव, नंबर, ओटीपी. बॅग उघडून दाखवायची. दुरुस्तीवाल्यांना सामानाची लिफ्ट. ती अकराव्या मजल्यावर अडकलेली. वर पोहोचेपर्यंत बारा मिनिटं.

नवरा-बायको दोघंही घरूनच काम करतात. साहेबांच्या कानात मीटिंग चालू आहे. सर्व्हर म्हणजे जुना डेस्कटॉप, सहाव्या पिढीचा आय५. दादा आधी प्लगचं मीटर लावतात. पंचावन्न वॅट, काही न करता. महिन्याला जवळजवळ चाळीस युनिट.

इथेही तक्रारी दोन. हॉलमधल्या टीव्हीवर एक फोर-के चित्रपट अडकत चालतो. बेडरूमच्या टीव्हीवर मुलीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ राख फासल्यासारखा फिका दिसतो. फोनमध्ये तो झक्क दिसतो.

“दादा, तुम्ही ग्राफिक्स कार्डच टाका ना. मी बघितलंय, मिळतं आठ-दहा हजारांत,” साहेब एका कानावरचा हेडफोन बाजूला करून म्हणतात.

“बघू आधी.”

चित्रपट लावतात. चौकट उघडतात. ट्रान्सकोडिंग चालू. कारण : सबटायटल. लॅपटॉपवर सर्व्हरच्या प्रोसेसरचा आकडा सत्त्याण्णव टक्के. पंखा खोलीभर ऐकू येतो. दादा रिमोटने सबटायटल बंद करतात. दोन-तीन सेकंद. चित्र पुन्हा सुरू होतं. आकडा तीन टक्क्यांवर येतो. पंखा शांत.

मॅडम दारात उभ्या राहून बघत असतात. “सबटायटलने एवढा फरक?”

डिस्कवरची सबटायटलं म्हणजे अक्षरं नसतात, अक्षरांची चित्रं असतात. या टीव्हीच्या ॲपला ती चालत नाहीत. मग सर्व्हर चित्रपटाचं एकेक चित्र उलगडतो, त्यावर अक्षरांचं चित्र चिकटवतो, परत बांधतो, आणि मग पाठवतो. त्यात हा चित्रपट दहा बिटच्या एचईव्हीसी या प्रकारातला. सहाव्या पिढीच्या क्विक सिंकला आठ बिटचा एचईव्हीसी झेपतो. दहा बिटचा सातव्या पिढीपासून. त्यामुळे उलगडायचं सगळं ओझं प्रोसेसरवर. चिकटवायच्या चार ओळींसाठी अख्खा चित्रपट पुन्हा शिजवला जातोय.

उपाय साधा. सबटायटलची चित्रं वाचून त्यांची अक्षरं करायची. सबटायटल एडिट नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे करतं. दादा ते चालवतात. इंग्रजीतला छोटा एल आणि मोठा आय यांत ते गडबड करतं, म्हणून ओळी डोळ्यांखालून घालतात. चाळीसेक चुका हाताने दुरुस्त होतात. अक्षरांची फाइल चित्रपटाच्या शेजारी ठेवली, सबटायटल चालू केली. आकडा तीनच टक्के. आता अक्षरं टीव्ही स्वतः काढतो.

वाढदिवसाचा व्हिडिओ उरतो. आजचे बरेच फोन एचडीआरमध्ये शूटिंग करतात. उजेड मोजायची त्याची पट्टी वेगळी. बेडरूमचा टीव्ही जुना, त्याला जुनीच पट्टी माहीत. नव्या पट्टीचे आकडे तो जुन्या पट्टीने वाचतो आणि सगळं फिकं दाखवतो. मधे सर्व्हरने टोन मॅपिंग करायला हवं, म्हणजे एका पट्टीचे आकडे दुसरीवर नीट बसवायला हवेत. दादा सेटिंगमध्ये ते चालू करून बघतात. केकवरच्या मेणबत्त्या पिवळ्या होतात, मुलीचा फ्रॉक गुलाबी होतो. पण चित्र अडकायला लागतं. फोर-के, दहा बिट, वर टोन मॅपिंग. हे मशीन तिथवर पोचत नाही.

दादा दोन रस्ते सांगतात. एक, नवा मिनी पीसी घ्या. पंधरा हजारांच्या पुढे जाईल. वीजही वाचेल. दुसरा, घरच्या व्हिडिओंची एकेक साधी प्रत करून ठेवू. १०८० ओळींची, टोन मॅपिंग केलेली. रात्रभरात होईल. जेलीफिनमध्ये एकाच व्हिडिओच्या दोन प्रती एका नावाखाली ठेवता येतात. हॉलमध्ये मूळ बघा, बेडरूममध्ये साधी.

“तुम्ही काय कराल?” मॅडम विचारतात.

“दुसरं. मशीन अजून वर्षभर चालेल.”

नव्या मिनी पीसीवर दादांना हजार रुपये सुटले असते.

दुपारी ३.२०

साहेबांची मीटिंग संपते.

“झालं? काय बदललं?”

“काही नाही. सबटायटल बदलली. आणि एक काम रात्री चालेल, ते लावून दिलंय.”

“मग सातशे कसले दादा? पार्ट तर काही लागला नाही.”

दादा वही उघडून दाखवतात. काय होतं, काय केलं, किती वाजता. साहेब वहीकडे बघत नाहीत. पाचशेवर मिटतं. पैसे फोनवर येतात. सामानाची लिफ्ट या वेळी लवकर येते.

दुपारी ४.१५

परत गाळा. टेबलावर एक मिनी पीसी पडलाय. मालक सकाळी ठेवून गेला. चिठ्ठी चिकटवलेली : ‘रात्री अर्ध्या तासानंतर अडकतो. सकाळी चांगला.’

दादा चिठ्ठी वाचून मालकाला फोन लावतात. “मशीन कुठं ठेवता?” टीव्हीखालच्या कपाटात. दार असलेल्या. सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर.

खालचे रबरी पाय नखाने उचलायचे. त्यांच्याखाली चार स्क्रू. झाकण निघतं. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा राखी थर, पावसाळ्याच्या दमटपणाने चिकटलेला. ब्लोअरने तो निघत नाही. आधी कोरडा ब्रश, मग कापसाचा बोळा. पंखा फिरू नये म्हणून एक बोट पात्यावर दाबून धरायचं. चिपवरची जुनी पेस्ट वाळून तडकलेली. आयसोप्रोपिल लावून ती पुसायला सात-आठ बोळे लागतात. मग नवी पेस्ट, थोडीशीच. जास्त झाली तर कडेने बाहेर येते. ट्यूब एकशे ऐंशीची, चार-पाच मशीनला पुरते.

झाकण लावायच्या आधी चाचणी. दादांची स्वतःची एक क्लिप आहे, एक मिनिटाची. खडकवासला धरणातून पाणी सोडलं होतं तेव्हा झेड पुलावरून काढलेली. भिडे पूल पाण्याखाली, संध्याकाळची वेळ, वर पाऊस. उसळतं पाणी, पावसाच्या रेघा आणि अंधार, या तिन्ही गोष्टी चित्र बांधणाऱ्या एन्कोडरला सगळ्यात जड जातात. दर क्षणाला सगळंच बदलतं, मागच्या चित्रातून उचलायला काही मिळत नाही. “या पाण्यात जो टिकला, तो लग्नात टिकतोच,” दादा म्हणतात.

क्लिप पुन्हा पुन्हा चालवतात. लॅपटॉपवर ट्रान्सकोडिंगचा वेग दिसतो. वेग एकच्या वर हवा. म्हणजे सेकंदाचं चित्र सेकंदाच्या आत तयार व्हायला हवं. एकच्या खाली गेला की बघणाऱ्याला थांबावं लागतं. पेस्ट बदलायच्या आधी, मशीन तापल्यावर, हा वेग शून्य पूर्णांक नऊवर आला होता आणि तापमान शहाण्णव अंशांवर. चिप तापली की स्वतःला वाचवायला वेग उतरवते. आता अर्धा तास चालवल्यावर तापमान एकाहत्तर. वेग तीनच्या वर.

दादा एवढ्यावर थांबत नाहीत. मालकाने क्वालिटीबद्दल विचारलं तर उत्तर हवं. त्याच क्लिपच्या तीन प्रती करतात. हार्डवेअरने चार एमबीपीएस. सॉफ्टवेअरने चार. हार्डवेअरने दहा. तिन्हींतलं तेच एक चित्र शेजारी शेजारी लावतात. शेजारच्या टेबलावरच्या पोराला बोलावतात. कुठली प्रत कुठली ते सांगत नाहीत.

“कुठलं वाईट?”

पोरगा पहिल्यावर बोट ठेवतो. पाण्याचा फेस लिंपलेला आहे, पुलाचा कठडा पाण्यात विरघळलाय. दुसऱ्यात कठडा दिसतो, फेसाला थोडा आकार आहे. तिसऱ्यात पावसाच्या रेघासुद्धा वेगळ्या.

“तिसरं आणि मूळ?”

पोरगा वाकून बघतो. मागे सरून बघतो. “सेम आहे दादा.”

वहीत एक ओळ लिहिली जाते : ‘घरच्या घरी दहा ठेवा, कमी नको.’ घरातल्या लॅनवर दहा एमबीपीएस म्हणजे काहीच नाही. आणि दुसरी ओळ : ‘कपाटात ठेवू नका.’

बिल नऊशे, पेस्टसकट.

संध्याकाळी ७.००

सकाळच्या ‘चित्र फुटतंय’वाल्यांचं उत्तर आता येतं. हॉलमध्ये चांगलं दिसतं, फक्त आतल्या खोलीत फुटतं. दादा फोन लावतात.

“आतला टीव्ही वायफायवर आहे? नेटवर्कचं नाव वाचा. आता शेवटी फाइव्ह-जी लिहिलेलं दुसरं नाव दिसतंय का यादीत? ते जोडा. इंटरनेटचा फाइव्ह-जी नव्हे, तुमच्या राउटरचाच आहे.”

पलीकडे चॅनेल बदलल्यासारखा आवाज, मग शांतता, मग “अहो, झालं की!”  आधीच्या नेटवर्कवर वेग अपुरा पडला की ॲप गुपचूप कमी बिटरेट मागत होतं. सर्व्हर मागितलं तेवढंच देत होता. मधे दोन भिंती आहेत, पाऊस थांबला की केबल ओढून घ्या, असं दादा सांगतात. केबल मीटरला पंचवीस रुपये.

सोळा मिनिटांचा फोन. त्याचं बिल करायचा रिवाज नाही.

रात्री ८.४५

धायरी. ओले बूट गॅलरीत. जेवणाआधी हिशेब. आले : सातशे, पाचशे, नऊशे. एकवीसशे. गेले : पेट्रोल दीडशे, पेस्टचे चाळीस, राइस प्लेट आणि चहा एकशे तीस, टेबलाचं भाडं दोनशे. पाचशे वीस. उरले पंधराशे ऐंशी. केबल आणि कनेक्टर पुढच्या कामांत वसूल होतील. उद्या हातात अजून एकच व्हिजिट आहे.

रात्री ९.३०

जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडतात. कोथरूडचं मशीन घरूनच दिसतं. अकरा टेपा एकदम लावत नाहीत. आधी लग्नाचं अर्धं मिनिट, अक्षतांचंच. ते तयार झाल्यावर तिथेच थांबवून बघतात. हात वर गेलेला. कडा सरळ. अर्धुकांचा क्रम चुकला असता तर हलणारी माणसं मागेपुढे थरथरली असती. म्हणून पाच सेकंद हळू चालवून बघतात. थरथर नाही. मग सगळ्या टेपा रांगेत लावतात आणि काकांना निरोप पाठवतात : ‘मशीन बंद करू नका.’

काकांचं उत्तर लगेच येतं : ‘बटणावर चिकटपट्टी लावली आहे.’

तुमच्याही घरी असा सर्व्हर असेल आणि चित्र बिघडलं, तर सेटिंग उघडण्याआधी ती छोटी चौकट उघडा. डायरेक्ट लिहिलं असेल तर सर्व्हरला सोडा. फाइल, टीव्ही, केबल बघा. ट्रान्सकोडिंग लिहिलं असेल तर शेजारचं कारण वाचा. कारण दूर झालं तर ट्रान्सकोडिंगच जाईल, आणि मूळ चित्रापेक्षा चांगलं चित्र कुठलीच चिप देत नाही. बिटरेट हात राखून देऊ नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आधी काय होतं ते लिहून ठेवा. एवढं करूनही जमलं नाही तर माणूस बोलवा. तो तासभर नुसता बघत बसला, एकही पार्ट न बदलता उठला आणि चित्र नीट झालं, तर त्याचे पूर्ण पैसे द्या. त्याने तुमचे दहा हजार वाचवलेत.